दादांचं खातं

दादांनी मिक्सर उघडला आणि त्यांना तो परत जोडता आला नाही, तेव्हा आम्ही हसलो होतो.

दादा म्हणजे माझे वडील. आमच्याकडे खानदेशात वडिलांना दादाच म्हणतात. तरुणपणी ते गावाकडून सुरतला आले, आधी लूमवर कारागीर म्हणून उभे राहिले आणि पुढे लूम दुरुस्त करणारे फिटर झाले. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. दादांचं आयुष्य खात्यातच गेलं, आणि शेवटची बरीच वर्षं कडोदऱ्याच्या एकाच खात्यात. मशिनींच्या आवाजाने त्यांचे कान निम्मे गेले होते, म्हणून भेस्तानच्या आमच्या घरात सगळेच मोठ्याने बोलायचे. लग्न होऊन मी सुरतेतल्याच नवागामला आले तेव्हा सासूबाईंना वाटायचं, ही पोरगी सारखी रागावलेलीच असते. मी मराठी शाळेत शिकवते, तिथे मात्र तो आवाज कामाला आला.

घरातली एखादी वस्तू दुरुस्तीसाठी बाहेर गेल्याचं मला आठवत नाही. इस्त्री, पाण्याची मोटर, शेजाऱ्यांचं शिलाई मशीन, सगळं दादांसमोर यायचं. ते जमिनीवर जुनं पोतं अंथरायचे, काढलेला प्रत्येक स्क्रू ओळीने मांडायचे आणि तोंडाने काही न बोलता काम करायचे. म्हणून मिक्सरचं आम्ही फारसं मनावर घेतलं नाही. वय झालं, आई म्हणाली. भावाने नवा मिक्सर आणला. काही दिवसांनी आईला तांदळाच्या डब्यात रुमालाची पुरचुंडी सापडली. त्यात जुन्या मिक्सरचे स्क्रू होते. तिने ती तशीच पदराखाली घेतली आणि मला पुष्कळ उशिरा सांगितलं.

त्यानंतर पंखा उतरवून झाला. पाण्याच्या मोटरची वायर कापून झाली. एका दुपारी शाळा सुटल्यावर मी माहेरी गेले, तर घराचं पुढचं दार बिजागऱ्यांसकट निघालेलं, भिंतीला टेकवून ठेवलेलं. दादा पायरीवर बसले होते, मांडीवर स्क्रूड्रायव्हर. मला पाहून म्हणाले की दार अडकत होतं. दार अडकत नव्हतं. आई आत ओट्यापाशी पाठ करून उभी होती, भाकरी थापत होती, आणि तिच्या थापण्याचा आवाज नेहमीपेक्षा जोरात येत होता.

मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दादांना काही सोपे प्रश्न विचारले. आज वार कोणता, हे शहर कोणतं. शहर त्यांनी बरोबर सांगितलं. वार सांगताना त्यांनी आईकडे पाहिलं, पोरं परीक्षेत शेजारच्याकडे पाहतात तसं. डॉक्टरांनी आम्हाला वेगळं बसवून सांगितलं की हा विसरण्याचा आजार आहे, गोळ्यांनी थोडा हळू होईल, मागे फिरणार नाही. हाताला सवयीचं काही काम असू द्या, असंही म्हणाले. आणि लगेच पुढे म्हणाले, वीज, गॅस आणि धारदार वस्तू यांच्यापासून जपा. या दोन गोष्टी एकत्र कशा करायच्या, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही.

माझा भाऊ एम्ब्रॉयडरीच्या मशिनीवर काम करतो, आईदादा त्याच्याजवळच राहायचे. त्याचं लग्न तेव्हा व्हायचं होतं. त्याने घरी येताच दादांच्या हत्यारांच्या पेटीला कुलूप लावलं. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, दिवसभर घरात आई एकटी असायची. पण दादा त्या पेटीजवळ बसून राहू लागले. कुलूप हातात धरून फिरवायचे. किल्ली कुठे आहे असं विचारायचे नाहीत. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं आई म्हणायची.

मग एके सकाळी ते घरातून गेले. आई मागे कपडे धूत होती. भाऊ कामावर, मी शाळेत. दुपारपर्यंत गल्लीतल्या पोरांनी, बायकांनी आजूबाजूच्या सगळ्या सोसायट्या पालथ्या घातल्या. मला फोन आला तेव्हा मी वर्गात होते. हेडमास्तरांना सांगून निघाले आणि रिक्षात बसल्यावर एकदम मनात आलं की कडोदरा. भेस्तानहून कडोदरा म्हाताऱ्या माणसाने कसं गाठलं, शटल रिक्षा केली की कुणी गाडीवर बसवलं, ते आजपर्यंत कळलेलं नाही. पण ते तिथेच होते. जुन्या खात्याच्या बंद फाटकाशी, गटारावरच्या फरशीवर बसलेले. ते खातं केव्हाच बंद पडलं होतं, फाटकावर दुसऱ्याच कुणाची पाटी होती. समोरच्या चहावाल्याने त्यांना ओळखलं होतं, चहा पाजला होता, आणि लक्षही ठेवलं होतं.

मी जवळ बसले. ते माझ्यावर जरा रागावलेच. "शिफ्ट चालू व्हयनी व्हई," ते म्हणाले, "आन हाऊ दरवाजा उघाडत नही."

मी म्हटलं, "दादा, आज सुट्टी आहे." ते त्यांना पटलं. माझ्याबरोबर उठून आले. रिक्षात त्यांनी माझा हात धरला होता. लहानपणी मेळ्यात त्यांनी माझा धरला असेल तसा, पण आता हात घट्ट धरणारेही तेच होते आणि हरवण्याची भीतीही त्यांनाच होती.

त्याच संध्याकाळी आम्ही मागच्या जागेत खोली बांधायचं ठरवलं. आमचं घर कोपऱ्याचं, म्हणून मागे बरीच मोकळी जागा. गल्लीत सगळे त्या जागेला वाडो म्हणतात. दादांनी हे घर घेतलं तेच त्या जागेसाठी. रिटायर झाल्यावर तिथे आपलं वर्कशॉप काढायचं, घरापासून वेगळं, म्हणजे ठोकठाक केली तरी घरात कुणाला त्रास नाही, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. आधी माझं लग्न निघालं, मग आईचं ऑपरेशन, मग भावाची नोकरी गेली. दादांनी विषय काढायचं सोडून दिलं होतं.

आता विषय भावाने काढला. म्हणाला, घरापासून वेगळं बांधू. लाइट वेगळी घेऊ, बटण घरात ठेवू. हत्यारं बोथट करून देऊ. उघडू द्या त्यांना काय उघडायचं ते. बोलताना तो भिंतीकडे पाहत होता. आई एवढंच म्हणाली, "चूल हलवनी पडी."

त्या मोकळ्या जागेत आईची चूल होती. आखाजीला, दिवाळीला ती तिथे खापरावर मांडे करायची, थंडीत वांगी भाजून भरीत करायची. गल्लीतल्या बायका त्या दिवसांत आपली पिठं घेऊन तिथे जमायच्या. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा चूल मोडून झाली होती. माती तिने घमेल्यात भरून कुंपणाशी ओतली होती आणि जागा झाडून ठेवली होती. मी म्हटलं, आपण दुसरीकडे मांडू. ती म्हणाली, आधी यांचं होऊ दे.

गवंडी मिळाला तो मराठवाड्याचा, बायको आणि मेव्हण्यासह बांधकामावर फिरणारा. पन्नाशीचा, सडसडीत, सतत कानावर पेन्सिल. आम्ही त्याला आधीच बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्याने मान हलवली आणि तडक दादांकडे गेला. त्यांच्यासमोर उभं राहून मोठ्याने विचारलं, "काका, दार कुण्या अंगाला ठेवू?"

दादा उठले. ते जागेवर फिरले, सूर्य कुठे आहे पाहिलं, आणि घराच्या बाजूला बोट दाखवलं. मग दोन्ही हात पसरून म्हणाले की दार रुंद पाहिजे, सुताचा बीम, सूत गुंडाळलेला तो लांब रूळ, आत न्यावा लागतो. आमच्या वाड्यात बीम कुठून येणार होता? भाऊ काही बोलणार, तेवढ्यात गवंडी म्हणाला, बरोबर आहे, रुंदच पाहिजे. आणि तसंच दार धरलं.

पाया खणला, जोतं वर आलं, भिंतीचे थर चढू लागले. माझ्या आठवणीत त्या संपूर्ण आजारपणातले ते सगळ्यात बरे दिवस. दादा सकाळी अंघोळ करून, शर्ट खोचून तयार व्हायचे. आई डबा भरून द्यायची, घर दहा पावलांवर असलं तरी. ते डबा घेऊन मागे जायचे आणि गवंड्याच्या माणसांबरोबर सावलीत बसून जेवायचे. जुन्या दिवसांचं बोलायचे. नवागामच्या एका खोलीत कसे पाळीपाळीने झोपायचे, रात्रपाळीवाल्याच्या अंथरुणात दिवसपाळीवाला. हे त्यांना लख्ख आठवायचं. सकाळी काय खाल्लं ते मात्र आठवायचं नाही.

भिंतींना पाणी मारायचं काम दादांकडे होतं. ते नळी घेऊन चारी बाजूंनी भिंत भिजवायचे, नळी ठेवायचे, बसायचे, आणि थोड्या वेळाने पाणी मारायचं राहिलं म्हणून पुन्हा उठायचे. दिवसभर हेच. खाली चिखल झाला. मी एकदा त्यांच्या हातातून नळी घेऊ लागले, तर गवंड्याने मला खुणेने थांबवलं. "मारू द्या, ताई," तो म्हणाला, "नव्या भिंतीला पाणी जास्त झालं म्हणून काही बिघडत नाही."

सगळेच दिवस तसे नव्हते. कधी ते बांधकामापुढे उभे राहायचे आणि आईला विचारायचे, "हाई कोनं बांधकाम शे?" आई म्हणायची, "तुमनंच शे." त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसायचा. मग पाण्याचा तांब्या ठेवून परत येईपर्यंत तोच प्रश्न. आई दर वेळी तेच उत्तर द्यायची, पहिल्यांदाच विचारल्यासारखं. आम्ही कंटाळायचो, ती कंटाळली नाही. एका सकाळी आम्ही पाहिलं तर आदल्या दिवशी रचलेल्या विटांचा एक कोपरा त्यांनी उतरवून नीट रास लावून ठेवला होता. त्यांना वाटलं होतं, कुणीतरी आपली वाट बंद करतंय. गवंड्याने कोपरा पुन्हा रचला.

पत्रे चढायच्या आधी सोसायटीतली माणसं आली. प्रमुख आणि आणखी दोन-तीन जण, सगळे शेजारीच, रोजच्या रामरामाचे. गल्लीत बोललं जात होतं की आम्ही मागे एम्ब्रॉयडरीची मशीन टाकतोय. भाऊ त्याच कामात असल्यामुळे संशयाला जागा होती. त्यांचंही खरं होतं, अशा मशिनींनी पलीकडच्या सोसायटीत लोकांची झोप गेली होती. प्रमुख समजुतीने बोलत होते, अर्धं गुजराती, अर्धं हिंदी. भाऊ सांगत होता की मशीन नाही, वडिलांना बसायला खोली आहे. त्यांना ते पटत नव्हतं. बसायच्या खोलीला एवढं रुंद दार कशाला, एकाने विचारलं. पुन्हा पुन्हा तेच झालं, तेव्हा भावाचा आवाज चढला.

"त्यांचं डोकं गेलंय," तो हिंदीत म्हणाला. "त्यांना काही आठवत नाही. घरात ठेवले तर एक दिवस घर जाळतील. म्हणून बांधतोय. झालं समाधान?"

प्रमुखांनी चप्पल पायात सरकवली, भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि "आम्हाला माहीत नव्हतं," एवढं म्हणून गेले. पुढे त्यांच्याच घरून दादांसाठी डबा येत राहिला, हेही सांगायला हवं. पण तेव्हा मी मागे वळले, तर दादा रचलेल्या भिंतीच्या कडेला उभे होते. हातात नळी, पाणी त्यांच्याच पायांवर पडत होतं. त्यांचे कान निम्मे गेलेले. पण भाऊ ओरडून बोलला होता.

आई आत निघून गेली. भाऊ त्या दिवशी जेवला नाही, आणि कुणी त्याला आग्रहही केला नाही. तो जे बोलला ते खोटं नव्हतं, हेच त्याला लागलं असावं.

दिवेलागणीला मी घरी जायला निघाले, तेव्हा दादांनी मला हाक मारली. अर्ध्या भिंतीवर बसले होते. मी शेजारी बसले. विटा अजून ओल्या होत्या. ते आपल्या तळहातांकडे पाहत होते.

"तू मास्तरीन शे," ते म्हणाले, "तू खोटं बोलाव नही. मी इसरी राह्यनू का?"

मला सांगता आलं असतं की नाही दादा, वय झालं की होतं थोडंफार. डॉक्टरांकडून निघाल्यापासून आम्ही तेच सांगत होतो. पण त्या क्षणी त्यांची नजर स्वच्छ होती, पूर्वीची होती. मी म्हटलं, "हो दादा."

"आखो इसरसू?"

अजून विसरेन का, असं ते विचारत होते. मी हो म्हटलं. त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हटलं.

त्यांनी उभ्या भिंतीकडे पाहिलं, वरच्या मोकळ्या आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंग लवकर बांधा."

पुढे त्यांना हे बोलणं आठवलं नाही. सकाळी ते नेहमीसारखे शर्ट खोचून, डबा घेऊन मागे गेले. मी भावाला सांगितलं. त्याने कामावर रजा टाकली आणि स्वतः गवंड्याच्या हाताखाली उभा राहिला. पत्रे चढले, लोखंडी दार बसलं, भिंतींना आतून चुना लागला. भावाने भंगारबाजारातून एक जड टेबल आणलं, त्यावर दादांचा जुना शिकंजा, वस्तू आवळून धरणारा, पक्का केला. आईने दारात नारळ फोडला. गवंड्याला आणि त्याच्या बायकोला जेवायला बसवलं. निघताना गवंडी दादांच्या पाया पडला. दादांना तो कोण ते कळलं नाही, पण त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "जेवना का?"

त्या वर्कशॉपला आम्ही सगळे खातं म्हणू लागलो. दादा खात्यात गेले आहेत, असं आई येणाऱ्याला सांगायची, आणि सांगताना तिची मान जरा ताठ व्हायची. भाऊ दर आठवड्याला भंगारातून काहीतरी आणायचा, मोडका पंखा, शिलाई मशीन, एकदा लूमचा एक पूर्ण गिअर. दादा ते उघडायचे. पोत्यावर स्क्रू ओळीने मांडायचे. ती ओळ मात्र त्यांची शेवटपर्यंत सरळ राहिली. जोडायचं त्यांना जमायचं नाही, संध्याकाळी भाऊ ते गोळा करून ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा नव्याने उघडायला बसायचे. आई रुंद दाराच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसायची, तांदूळ निवडायची, मेथी खुडायची. दोघं फारसं बोलत नसत. आयुष्यभर ते बारा-बारा तासांच्या पाळीवर गेले होते आणि ती घरात राहिली होती. एवढा वेळ ती दोघं एका जागी बसलेली मी आधी कधी पाहिली नव्हती.

त्या खात्यात एकच वस्तू दुरुस्त झाली. शेजारची बाई कुकरचा ढिला दांडा घेऊन आली. दादांनी तो आवळला, हलवून पाहिला, परत आवळला आणि तिच्या हातात दिला. आईने हे मला फोन करून सांगितलं, मग मी गेल्यावर पुन्हा सांगितलं, आणि शेजारणीला बोलावून तिच्याकडूनही वदवून घेतलं.

पावसाळा संपता संपता ते बदलले. आधी आईला ओळखेनासे झाले, तेही सगळीकडे नाही. घरात ओळखायचे, जेवायला वाढ म्हणायचे. खात्यात गेले की ती त्यांना परकी वाटायची. एका दुपारी मी तिथे होते. आई पाटावर बसली होती. दादांनी मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, आणि अगदी आदराने म्हणाले, "बाई, आठे बसू नका. आठे मशिनी चालतस, लुगडं अटकी जाई."

आईने मांडीवरचं सूप उचललं. "बरं," ती म्हणाली, आणि उठली. मला वाटलं ती घरात जाईल. ती भिंतीला वळसा घालून मागच्या बाजूला, जिथे ते तिला पाहू शकणार नाहीत अशा जागी जाऊन बसली. त्यानंतर ती रोज तिथेच बसायची, उन्हात. आतून स्क्रू पडल्याचा, शिकंजा फिरल्याचा आवाज आला की हात चालू ठेवायची. आवाज थांबला की डोकावायची. मी म्हटलं, उन्हात कशाला बसतेस. ती म्हणाली, त्यांना माझ्यासाठी भीती वाटते गं, लुगडं अडकेल याची. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उलट त्यांच्या त्या काळजीचं तिला काहीतरी वाटत होतं. ते मला तेव्हा कळलं नाही, आणि आता ते नेमकं काय होतं हे तिला विचारायचा धीर होत नाही.

थंडीत त्यांनी आत जायचंच सोडलं. दारापर्यंत यायचे, उंबऱ्यापाशी थबकायचे आणि थरथरायचे. शेठ रागावेल, म्हणायचे. कोणता शेठ, कशासाठी, ते सांगता यायचं नाही. भावाने हात धरून आत न्यायचा प्रयत्न केला, तेव्हा ते लहान मुलासारखे रडले. नंतर कुणी आग्रह केला नाही. मग ते मोरीत पडले, कमरेचं हाड मोडलं, आणि खाटेवर आले.

खाटेवर असताना ते सगळ्यात जुन्या कामाकडे गेले. फिटर व्हायच्या आधी ते कारागीर होते, आणि कारागिराला तुटलेला धागा चालत्या मशिनीवर बोटांनी गाठ मारून जोडायचा असतो. दिवसभर त्यांची बोटं चादरीवर तेच करत राहायची, दोन टोकं शोधायची, वळायची, गाठ मारायची, तोडायची. आईने त्यांच्या हातात सुताचा गुंडा दिला. ते गाठी मारत राहिले. खऱ्या, बारीक, पक्क्या गाठी. दुपारी ती शेजारी बसून गाठ मारलेलं सूत गुंडाळून घ्यायची.

अशाच एका दुपारी, आई सूत गुंडाळत असताना, पलीकडून सूत येईनासं झालं. तिने आधी ते हलकेच ओढून पाहिलं. मग मला फोन केला. भावाला नाही, मला. म्हणाली, तू ये. मी विचारलं, दादा कसे आहेत. ती म्हणाली, तू ये फक्त.

दशक्रिया, तेरावं झालं. गावाकडची माणसं येऊन गेली. भाऊ आणि मी एका रविवारी खातं आवरायला गेलो. भाऊ दार उघडून आत गेला आणि टेबलापाशी नुसताच उभा राहिला. त्याने कुणासमोर कधी न बोललेलं तिथे मला सांगितलं की सोसायटीच्या लोकांसमोर बोलला तो दिवस त्याला रोज दिसतो. मी त्याला दादांचं त्या संध्याकाळचं बोलणं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. लवकर बांधा म्हणाले होते, राग नव्हता त्यांच्या बोलण्यात, असं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. त्याला ते किती पुरलं ते माहीत नाही.

मला ती खोली तशीच ठेवायची होती. शिकंजा, टेबल, पोतं, सगळं. भाऊही तेच म्हणत होता. तेवढ्यात गल्लीतल्याच एका साडीच्या व्यापाऱ्याने गठ्ठे ठेवायला जागा विचारली. आम्ही नाही म्हणणार होतो. आईने परस्पर हो सांगून टाकलं.

मी तिच्याशी भांडले. माझ्या आयुष्यात तिच्याशी मी एवढी कधी भांडले नसेन. तिला म्हटलं, त्यांची एवढी एकच जागा होती, आणि तू ती दुसऱ्याला देतेस. ती डाळ निवडत होती. तिने ताट खाली ठेवलं.

"तुम्ही येतस, देखतस, निंघी जातस," ती म्हणाली. "माले ते दार रोज देखनं पडस. उघडं देखाले नको वाटस माले. बंद ऱ्हाऊ दे."

दादांची हत्यारं आम्ही गवंड्याला दिली. नेमकी त्यालाच का, ते कुणी विचारलं नाही. त्याने ती पिशवीत घेताना एकेक पुसून घेतली. शिकंजा टेबलाला इतका पक्का बसवला होता की तो निघाला नाही, मग टेबलासकट आतच राहिला. आता त्यावर साड्यांचे गठ्ठे असतात. व्यापाऱ्याचा माणूस टेम्पो घेऊन येतो, कुलूप उघडतो, माल चढवतो, कुलूप लावतो. आई त्याला पाणी विचारते.

आम्ही बांधलं ते बरं केलं की नाही, यावर मी आणि भाऊ अजून बोलतो. त्याला वाटतं, एवढं करून त्यांना तिथे जेमतेम एक उन्हाळा-पावसाळा मिळाला. मला त्या दिवसांतली सकाळ आठवते, शर्ट खोचलेले दादा डबा घेऊन मागच्या दाराने निघाले आहेत आणि आई त्यांना सांगते आहे, संध्याकाळी लवकर या. ते हो म्हणतात आणि मागे वळून न पाहता कामावर जातात.

आईला यातलं काही विचारलं की ती विषय बदलते. परवा मी गेले तेव्हा मागच्या पायरीवर बसली होती. मी शेजारी बसले. टेम्पो नुकताच गेला होता, गल्लीत त्याचा धूर होता. ती म्हणाली, तुझा आवाज हल्ली फार बारीक झालाय, मला नीट ऐकू येत नाही. मी जरा मोठ्याने बोलू लागले.